लाल दोऱ्याची पोती

टेम्पो रिकामा येतो तेव्हा लांबूनच कळतो. मागचा फाळका खडखडतो, साखळ्या नाचतात आणि हनीफ त्या तालावर काहीतरी गुणगुणत भोरच्या बाजारपेठेत शिरतो. त्या दुपारी टेम्पो आला तो गाभण म्हशीसारखा, जड आणि मुका. साळूबाईनं दुकानातल्या गादीवरून मान वर केली नाही. बघायची गरजच नव्हती. माल परत आला होता.

"उतर खाली आन बोल," ती म्हणाली.

हनीफ उतरला. साळूबाईचा माल वाहण्यात त्याची हयात गेलेली, तिच्या शिव्या त्याला पाठ होत्या. पण आज त्यानं डोक्यावरची टोपी उगाच काढून गुडघ्यावर झटकली.

"आक्का, न्हाई घेतला."

"ते दिसतंय मला. का न्हाई घेतला?"

"मागल्या खेपेवानीच. मशीन न्हाई म्हनलं."

"मशीनला तोंड फुटलं व्हय आता? आन तुझं तोंड कुठं गेलं हुतं? म्हनायचं न्हाईस का, की बाबांनो, ह्यो साळूबाईचा मका हाय?"

"म्हनलं की. सायेब म्हनला, मका कुनाचा हाय ते मशीनला कळत न्हाई."

समोरच्या भांड्यांच्या दुकानात कुणीतरी फिसकन हसलं. साळूबाईनं तिकडं नजर फिरवली तसा भांडीवाला घाईघाईनं एक पातेलं पुसायला लागला.

ती गादीवरून उठली. गुडघे कुरकुरले, त्यांनाही तिनं मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. टेम्पोजवळ जाऊन एका पोत्याचं तोंड उसवलं आणि मूठभर मका काढला. पिवळाधमक, टपोरा दाणा. नाकाशी धरला, वास स्वच्छ. एक दाणा दाढेखाली घेतला. कट्ट करून फुटला.

"ऐकलंस? ओला दाना असा वाजतो व्हय रं?"

"मला कशाला इचारता आक्का, मी कोंबडी थोडाच हाय."

एरवी ती हसली असती. आज नाही.

हायवेलगत कोंबड्यांचं खाद्य करणारी एक कंपनी होती. भोरकडचा बराचसा मका तिथं जायचा. गेल्या काही वर्षांत कंपनीनं एक नवीनच काढलं होतं. मक्याला बुरशी धरली की त्यात म्हणे एक विष तयार होतं. डोळ्यांना दिसत नाही, चवीला लागत नाही, पण कोंबड्या झुरून मरतात. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. साळूबाईला शाळेत चार पुस्तकंसुद्धा धड झाली नव्हती, पण नाव तिला नीट म्हणता यायचं. ती म्हणायची नाही एवढंच. ती त्याला कंपनीचं भूत म्हणायची. ज्याला कुणी बघितलं नाही ते भूतच की, असं तिचं म्हणणं.

"अजून एक हाय," हनीफ टोपी डोक्यावर घालत म्हणाला. "सायबानं सांगितलंय, पुढची खेप अशीच निघाली तर टेम्पो गेटातनं आत घेनार न्हाईत. ह्या सालात न्हाई आन पुढल्या सालातबी न्हाई."

हे मात्र साळूबाईला लागलं. त्या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत हलला नव्हता. आंबवड्यापासून खालच्या सगळ्या गावांत कणसं भिजली होती, आणि कुणाचा मका कोण घेणार म्हणून माणसं हवालदिल झाली होती. तेव्हा हीच साळूबाई दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली होती, "घाला माझ्याकडं. वाळवून, निवडून लावते कंपनीला. साळूबाईचा माल आजपातुर कुनी माघारी लावलाय का?" माणसांनी तिच्या शब्दावर मका आणून टाकला होता. गोडाऊन छताला टेकलं होतं. आता गेट बंद झालं, तर तीच माणसं त्याच पायरीवरून आपापली पोती उचलून नेणार, आणि अख्खी बाजारपेठ पातेली पुसत बघणार.

"उतरवा माल," ती म्हणाली. "आन ती लाल दोऱ्याची पोती येगळी ठिवा. त्यास्नी हात लावायचा न्हाई."

लाल दोऱ्याचं असं होतं. साळूबाईचे सासरे सोनबा यांनी हे दुकान मांडलं तेव्हापासूनची घरची रीत. दसऱ्याला गोडाऊनचा देवीच्या फोटोखालचा कोपरा शेणानं सारवायचा आणि हंगामाची पहिली पोती त्या सारवणावर ठेवायची. खाली फळी नाही, गोणपाट नाही. लक्ष्मी जमिनीला टेकली पाहिजे, असं सोनबा म्हणायचे. ती मानाची पोती. हंगाम संपेपर्यंत ती हलवायची नाहीत, विकायची नाहीत. पण दुकानातून माल बाहेर निघाला, की मानाच्या पोत्यातलं मापभर धान्य भरून जाणाऱ्या एखाद्या पोत्यात शकुन म्हणून ओतायचं आणि त्या पोत्याच्या तोंडाला लाल दोरा बांधायचा. दोरा बांधलेलं पोतं घरच्या माणसानं परत सोडायचं नाही. सोडलं तर शकुन उडाला.

सोनबा गेले, मग नवरा गेला. साळूबाईनं दुकान चालवलं, मुलगा वाढवला, मुलगी गुंजवण्यात दिली, आणि शकुन एकदाही चुकवला नाही. आजवर त्या शकुनाच्या जोरावर तर चाललंय, असं तिचं पक्कं मत होतं.

म्हणून पहिल्यांदा माल परत आला, तेव्हा तिनं विचार केला, शकुन कमी पडला. दुसऱ्या खेपेला तिनं एका पोत्याऐवजी पुढच्या सगळ्या ओळीत मापटी ओतली, सगळ्यांना दोरे बांधले. आणि तीच खेप आज दारात उभी होती.

रात्री जेवताना गोरखनं तोंड उघडलं. गोरख तिचा एकुलता मुलगा. स्वभावानं गरीब, आणि गरीब माणसाला सुचतात तशाच वाटा त्याला सुचायच्या.

"आये, हायवेच्या पलीकडं एक पेंडवाला हाय. गुरांचा भरडा करतो. त्यो काय तपासत न्हाई बग. हलक्या भावात दिऊन टाकू. न्हाईतर चांगल्यात थोडा थोडा मिसळून परत लावू. समदे तसंच करत्यात. मिसळलं की मशीन गप बसतं."

"हलक्या भावात?" साळूबाईनं ताटातली भाकरी खाली ठेवली. "आरं, माझा माल हलका असता तर हलका म्हनून इकला असता. सोन्यासारखा मका, आन त्यो मी कानकोंडी हुऊन चोरावानी पेंडवाल्याच्या दारात नेऊ? तुझ्या बापानं असं ऐकलं असतं तर..."

"बाप कशाला मधी आनतीस?"

"मग तू पेंडवाला कशाला मधी आनतोस?"

सून सुलक्षणा चुलीजवळून म्हणाली, "आत्याबाई, औंदा समद्या थप्प्यांखाली फळ्या घातल्या ते बरं झालं बगा. भुईला लई ओल हाय. त्या कोपऱ्यातल्या मानाच्या पोत्यांखालीबी..."

"त्या कोपऱ्याचं नाव काढू नको."

"न्हाई, मी म्हनत हुते की..."

"तू म्हनत हुतीस, आन मी ऐकत न्हवते. कालवण वाढ."

सुलक्षणानं कालवण वाढलं. जरा जास्तच वाढलं, म्हणजे तोंड बंद राहावं असं.

इतक्यात साळूबाईचा मोबाईल वाजला. गुंजवण्याहून मंगल. लेकीचा आवाज ऐकून तिचा जीव जरा खाली बसेल असं वाटलं होतं, पण तिथंही मकाच.

"आये, तू धाडलेलं पोतं गं... गाय तोंड लावत न्हाई. हुंगती आन मागं सरती. दूधबी उतरलंय."

पहिली खेप परत आली तेव्हा साळूबाईनं त्यातलं लाल दोऱ्याचं पोतं हनीफबरोबर मुद्दाम मंगलकडं पाठवलं होतं. मंगलची गाय नुकती व्यालेली होती. 'कंपनीला कळत नसलं तर नसू दे, माझ्या लेकीच्या गाईला तरी कळंल,' असं ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती.

"गाईला माज आलाय," ती आता फोनवर म्हणाली. "तू लाडावून ठिवलीस. भरडा जाड दळलास का बारीक?"

"मधलाच."

"मग मीठ घाल. गूळ घाल. मानाच्या शकुनाचा मका हाय त्यो मंगल, कुठं टाकू नको. घाल तिला."

"घालती," मंगल म्हणाली, पण तिच्या आवाजात काही दम नव्हता. फोन ठेवल्यावर साळूबाईला वाटलं, आता माणसं झाली, मशीन झालं, गाईसुद्धा आपल्याविरुद्ध उठल्या.

पुढचे दिवस तिनं घरादाराला कामाला जुंपलं. निवडायला बायका बसवल्या. अंगणात ताडपत्र्या अंथरल्या, पोती मोकळी करून मका उन्हात पसरला, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा केला. काळा दाणा, किडका दाणा, तुटका दाणा, सगळा बाजूला. सुलक्षणानं ओल मोजायचं मशीन आणलं होतं, त्याला साळूबाई आधी नाक मुरडायची. आता तिनं स्वतःच दर पोत्यात ते खुपसायला लावलं. आकडा बरोबर आला की ती त्या मशीनकडं बघून म्हणायची, "बघ, तुझ्याच जातीचं हाय, आन खरं बोलतंय." लाल दोऱ्याची पोती मात्र कुणी सोडली नाहीत. ती कशाला सोडायची? त्यांत तर शकुन होता.

माल भरायच्या दिवशी तिनं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि कोपऱ्यात गेली. मानाच्या पोत्यात वरूनच माप बुडवलं. वरचा मका बरा दिसत होता, थोडा निस्तेज, पण जुन्या माणसाचा चेहरा असतोच तसा. या वेळी तिनं कंजुषी केली नाही. जितकी पोती पुढच्या बाजूला यायची होती तितक्यांत मापं ओतली आणि दोरे बांधत गेली. बोटं दुखली तरी बांधत गेली.

"हनीफ, मागं सरक," ती म्हणाली. "मी येनार."

"टेम्पोत? आक्का, हाडं खिळखिळी हुतील."

"हुतील तर माझी हुतील. तू गाडी हाक."

कंपनीच्या गेटावर टेम्पोंची रांग होती. साळूबाई हनीफशेजारी पदर दातात धरून बसली. आपली पाळी आली तेव्हा एका माणसानं पोत्यांत टोकदार लोखंडी नळी खुपसून, इकडून तिकडून दाणे काढून एका पिशवीत घातले. बहुतेक दाणे पुढच्या बाजूचे, हात पोचतो तिथले. साळूबाईला ते बरंच वाटलं. शकुनाची पोती पुढंच होती.

तपासायच्या खोलीत पांढरा कोट घातलेली एक मुलगी होती. पिशवीतला मका दळायचा, पाण्यासारख्या औषधात ढवळायचा आणि एक कागदाची पट्टी त्यात बुडवून छोट्या यंत्रात ठेवायची, हे तिचं काम. साळूबाईनं तिला निरखून बघितलं.

"तू भोरची ना गं? अजीजुन्निसाची नात?"

मुलगी हसली. "हो आजी. महेजबीन."

"तुझी आजी आमच्या दुकानात शेंगा निवडायची. हात असा चालायचा, बघत बसावं. म्हंजे घरचीच पोर की तू. मग घरच्याच मानसाचा माल माघारी लावतीस?"

"आजी, मी नाही लावत. पट्टी सांगते."

"मशीन सांगतं, पट्टी सांगती. हितं मानसं कशाला ठिवल्यात मग?"

यंत्रात आकडा आला. तिनं तो बघितला, परत बघितला, आणि मग साळूबाईकडं बघायच्या ऐवजी खरेदीच्या साहेबाकडं बघितलं. साहेब दारातच उभा होता.

"जास्त आहे, सर. मागच्यापेक्षा जास्त."

साहेबानं हात हलवला. "मावशी, झालं. गाडी मागे घ्या. आता आमच्याकडे परत येऊ नका, उगाच तुमचा पण त्रास आणि आमचा पण."

साळूबाई तिथंच, त्या चकचकीत फरशीवर मांडी घालून बसली.

"मावशी?"

"मी न्हाई उठत. ह्यो मका माझ्या डोळ्यांदेखत निवडलाय, वाळवलाय. तुमच्या पट्टीत खोट हाय. दानादाना तपासा, पोतंपोतं तपासा, मग म्हना."

"मावशी, एकेका पोत्याला एकेक पट्टी वापरायला ही काय..."

"मग मला उचलून बाहेर टाका. टाका, बघू. ह्या वयात एकदा तेबी हुऊ द्या."

हनीफ दाराबाहेर तोंड लपवून उभा होता. साहेबाला काय करावं कळेना. मागं रांगेतले टेम्पो भोंगे वाजवायला लागले. महेजबीन हळूच म्हणाली, "सर, दोनच पट्ट्या वापरते." आणि साळूबाईसमोर उकिडवी बसली. "आजी, असं करू. तुमची सगळ्यात चांगली, तुमची खात्रीची पोती कुठली, ते सांगा. त्यांचा नमुना वेगळा काढू. बाकीच्यांचा वेगळा. चालेल?"

साळूबाईनं क्षणभरही विचार केला नाही. "लाल दोऱ्याची. त्येंची काढ. ती खोटी निघाली तर मी ह्या गेटाकडं परत बघनार न्हाई."

नमुने काढले. दळले. ढवळले. साळूबाई फरशीवरूनच बघत राहिली, तोंडात काहीतरी पुटपुटत. देवीचं नाव असावं, किंवा शिवी असावी; हनीफला बाहेरून नीट ऐकू आलं नाही.

"ही बाकीच्या पोत्यांची," महेजबीन म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. "आजी, चांगली आहे! मर्यादेच्या आत, अगदी आत. सर, घेता येईल."

"मग? म्या काय म्हनत हुते?" साळूबाई गुडघ्यावर हात देऊन अर्धी उठली. "आन लाल दोऱ्याची?"

दुसऱ्या पट्टीचा आकडा यायला जरा वेळ लागला. आला तेव्हा महेजबीननं तो साळूबाईला दाखवला. साळूबाईला आकडे कळायचे. हा आकडा तिला नको होता.

"हे मोजायच्या पलीकडं गेलंय, आजी. या पोत्यांत वेगळं काय घातलंय?"

साळूबाई उभी होती ती तशीच राहिली. एक हात गुडघ्यावर, पाठ वाकलेली. तिच्या डोळ्यांसमोर कोपरा आला. ओलं शेण, त्यावर पोती, वर पोती, भिंतीला टेकलेली. भुईला लई ओल हाय, असं कोण म्हणालं होतं? आणि आपण काय म्हणालो होतो? कालवण वाढ. पहिल्या खेपेला एक पोतं, दुसऱ्या खेपेला एक ओळ, आज सगळी पुढची बाजू. स्वतःच्या हातानं मापं भरून, हात धुऊन, पदर घेऊन, एकेका पोत्यात आपण ते विष ओतत गेलो आणि वर दोरा बांधत गेलो.

"काय घातलंय?" महेजबीननं परत विचारलं.

"काय न्हाई," साळूबाई म्हणाली. मग तिला आपल्याच आवाजाचा राग आला. "शकुन घातलाय," ती फाटक्या आवाजात म्हणाली. "जा, कर काय करायचं ते."

साहेबानं बाकीचा माल उतरवून घेतला. गेट उघडं राहिलं. लाल दोऱ्याची पोती टेम्पोतच राहिली. महेजबीन फाळक्यापर्यंत आली.

"आजी, हा मका कुणाला देऊ नका. कोंबड्यांना नाही आणि दुभत्या जनावराला तर मुळीच नाही. हे विष दुधात उतरतं. दूध उकळलं तरी जात नाही."

साळूबाई टेम्पोत चढता चढता थांबली.

"दुधात?"

"हो. लहान मुलं पितात ना दूध..."

साळूबाईनं तिचं पुढचं ऐकलं नाही. ती चढली, दार लावलं, पदर दातात धरला. हनीफनं गाडी चालू केली. हायवेला लागल्यावर त्यानं सवयीनं गाडी भोरकडं वळवायला घेतली.

"तिकडं न्हाई," ती म्हणाली. "नसरापुराकडं घे."

"आक्का, घर हिकडं हाय."

"मला माझं घर ठावं हाय. गुंजवण्याला घे."

हनीफनं गाडी वळवली. गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला लागली. मग साळूबाई बोलायला लागली. बोलणं कुणाला उद्देशून नव्हतं. सोनबाला उद्देशून थोडं, देवीला थोडं, रस्त्यातल्या खड्ड्यांना बरंचसं. लक्ष्मी जमिनीला टेकली पाहिजे म्हणे. मग पावसाळ्यात जमिनीत काय असतं ते नाही का दिसलं म्हाताऱ्याला? त्या वेळी पाऊस वेळेवर जात असेल म्हणा. भुई वाळत असेल म्हणा. आणि सुलक्षणा. ती कार्टी एवढं बोलायला शिकली, मग जोरात बोलायला काय झालं होतं?

"ती बोलली असनार," हनीफ हळूच म्हणाला.

"तू गाडी हाक."

राजगड समोर दिसायला लागला तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. मंगलचं घर गावाच्या कडेला. टेम्पो दारात थांबलेला बघून मंगल हातातलं शेण तसंच घेऊन धावत आली.

"आये? आगं, फोन तरी करायचास. काय झालं? गोरख बरा हाय न्हवं?"

"समदी बरी हायत. पोतं कुठाय?"

"कसलं पोतं?"

"म्या धाडलेलं. लाल दोऱ्याचं. गाईला घातलंस?"

मंगल कावरीबावरी झाली. तिला वाटलं आई भांडायला आलीय. "घातलं गं, गूळबी घातला. पन खातच न्हाई ती. एक-दोन येळा खाल्ला असंल. रागावू नको, दोरा न सोडता पोतं बुडातनं उसवलं, निम्म्याचा भरडा केला, आन उरलेलं पोतं म्या शेजारी मामंजीस्नी दिलं. रखमाजी मामंजीस्नी. म्हनलं, म्हशीला व्हईल. आये, असं काय बघतीस?"

साळूबाई गोठ्यात गेली. गाईपुढं गव्हाणीत भरडा तसाच पडला होता. गाईनं तिच्याकडं शांतपणं बघितलं. साळूबाईला त्या नजरेचा इतका राग आला की क्षणभर वाटलं, तिला एक रट्टा द्यावा. मग तिनं गव्हाणीत हात घातला आणि सगळा भरडा पदरात उपसायला लागली.

"तुझ्या पोरीला ह्या गाईचं दूध दिलंस का?"

"थोडं थोडं. का गं?"

"आजपासनं ह्या गाईचं देऊ नको. मी सांगंपातुर न्हाई. शेजारनं घे इकत." मग आठवून ती म्हणाली, "शेजारनंबी न्हाई. थांब जरा."

रखमाजी मंगलचे चुलत सासरे. म्हणजे साळूबाईचे व्याही. व्याह्याच्या दारात विहिणीनं कसं जावं याची रीत असते. आधी निरोप, मग पानसुपारी, मग चार गोष्टी. साळूबाई पदरात भरडा घेऊन तशीच तरातरा चालत गेली.

रखमाजी पडवीत बसले होते. त्यांनी हात जोडले.

"या, या, इहीणबाई! आत्ताच तुमचं नाव निगालं हुतं. मका लई झ्याक धाडलाय. आमच्या म्हशीला उद्यापासनं सुरू करनार."

"करू नका."

"आं?"

"पोतं द्या माघारी."

रखमाजी मोठ्यानं हसले. "का वो? दुसरीकडं जादा गिऱ्हाईक गावलं व्हय?"

साळूबाईच्या जिभेवर उत्तरं तयार होती. कंपनीनं मागवलाय. दुसऱ्या कुणाचं पोतं चुकून आलं. खालच्या गावचा कुणी शेतकरी ओला मका देऊन गेला. तिची जीभ एरवी कुणाला सापडत नसे, पण आज तिनं त्यातलं एकही बाहेर काढलं नाही.

"मका खराब हाय," ती म्हणाली. "इखार धरलाय त्याला. जनावराला घालू नका."

"खराब?" रखमाजी उठून आतून मूठभर मका घेऊन आले आणि उन्हात धरला. "ह्यो? सोन्यावानी तर दिसतोय."

"व्हय. दिसतोय."

"मग कुनी खराब केला?"

साळूबाईनं पदरातला भरडा सावरला. "माझ्या घरी झाला. माझ्या हातानं झाला. दुसऱ्या कुनाचा दोष न्हाई. आता पोतं द्या, इवाई, न्हाईतर मी आत येऊन घेईन."

रखमाजींनी पोतं आणून दिलं. भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं, उलट उत्तर देता आलं असतं. हनीफनं पदरातला आणि मंगलकडं उरलेला भरडा एका गोणीत भरून टेम्पोत टाकला आणि रखमाजींचं पोतं पुढं साळूबाईच्या पायाशी ठेवलं.

परत निघताना मोबाईल वाजला. गोरख. आवाजात आनंद मावत नव्हता.

"आये! कंपनीतनं फोन आलता. माल घेतला म्हनं! पुढची खेप कधी लावताय इचारत हुते. काय केलंस गं तू?"

"गोरख, ऐक. कोपऱ्यातली पोती बाहेर काढ. देवीखालची."

"मानाची?" गोरखचा आवाज एकदम खाली आला. "आगं, हंगाम सपला न्हाई आजून."

"काढ म्हनते ना. खालचा दाना बग कसा झालाय ते, आन मला सांगू नको. सुलक्षणाला म्हनावं तिथं फळ्या घाल. आन..." रस्त्यावर खड्डा आला, गेला. "तिला म्हनावं, पुढल्या येळी मी कालवण वाढ म्हनले तरी बोलत राहायचं."

"काय?"

"काय न्हाई. ठिव फोन."

ती मागं वळून काचेतून लाल दोऱ्याच्या पोत्यांकडं बघत राहिली. मग पायाशी ठेवलेल्या रखमाजींच्या पोत्याच्या तोंडाचा दोरा सोडायला लागली. गाठ तिनंच घट्ट मारलेली. नखानं सुटेना तशी दातानं ओढली.

"आक्का," हनीफ म्हणाला, "ह्या समद्याचं करायचं काय? नदीकडच्या तुमच्या वावरात खड्डा काढून पुरायचं तर बाजारपेठेतनंच न्यावं लागंल. दिवसाउजेडी. समदी बघतील."

"मग काय आभाळातनं न्यायचं?" गाठ सुटली. तिनं दोरा खिडकीतून बाहेर टाकला. "उद्या सकाळीच ने. आन त्या भांडीवाल्याला आधी सांग, पातेली पुसून ठिव म्हनावं. बघायला लई येळ लागंल त्याला."